घडी बसेपर्यंत

घडीवाली पहिल्यांदा तळघरात उतरली ती भांडायलाच. हातात बर्फाचं भांडं, अंगात दोन स्वेटर आणि तोंडाचा पट्टा जिन्यापासूनच चालू. फ्रीजरांच्या खोलीचं दार तिनं खांद्यानं ढकललं, टेबलाशी वही उघडून बसलेल्या माणसासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्या डबीला स्टिकर लावणारे तुम्हीच का?"

बसल्या बसल्या 'हो' म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण तो उठला, खुर्ची नीट मागे सारली, वही मिटली, पेनाला टोपण लावलं आणि मग 'हो' म्हणाला. हा त्याचा वेग. अख्खी इमारत त्याला थंडोबा म्हणायची ते काही उगाच नाही. उणे ऐंशी अंशांचे अठरा फ्रीजर सांभाळणं हे त्याचं काम, आणि वरच्या प्रयोगशाळांमधली मंडळी म्हणायची की एकोणिसावा तोच.

आता हे स्टिकरचं प्रकरण आधी समजून घ्यायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. संस्थेच्या प्रमुख म्हणजे मोठ्या बाई. पेशी आपली बिघडलेली प्रथिनं कशी मोडून टाकते याचा अभ्यास करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. पेशीत म्हणे एखादं प्रथिन बिघडलं की त्याला एक चिमुकली खूण चिकटवतात. एका खुणेनं सहसा काही होत नाही. पण खुणेला खूण जोडत चारांची साखळी झाली, की पेशीतलं मोडयंत्र त्याला आत ओढतं आणि तुकडे तुकडे करून टाकतं. बाईंना या कारभाराचं इतकं कौतुक, की फ्रीजर भरून वाहायला लागले तेव्हा त्यांनी तोच नियम डब्यांना लावला. दर शुक्रवारी तपासणी. डबीवर नाव नाही, तारीख नाही, झाकण सैल, अशी काही खोट दिसली की एक पिवळा स्टिकर, आणि मालकाला निरोप. मालकानं यावं, चूक सुधारावी, स्टिकर काढून घ्यावा. नाही आला तर पुढच्या शुक्रवारी दुसरा. चौथा लागला की डबी गेली.

"काय खोट आहे माझ्या डबीत?" घडीवालीनं विचारलं.

त्यानं डबी काढून दाखवली. तारखेतला १ हा ९ सारखा दिसत होता. ती म्हणाली, एकच आहे हा. तो म्हणाला, शेपूट फार वळलंय. मग त्यानं वहीच्या मागच्या पानावर एक १ काढला, शेजारी एक ९ काढला, आणि पहिलीच्या मास्तरांसारखा बाजूला सरकून उभा राहिला. घडीवाली भांडायची तयारी करून आलेली. पण ते दोन सुबक आकडे बघून तिला जे हसू फुटलं ते आवरेचना.

हसू ओसरेपर्यंत काहीतरी बोलायला हवं, म्हणून त्यानं विचारलं की डबीत आहे तरी काय. झालं. तिच्या कामाबद्दल तिला कुणी विचारायचाच अवकाश असायचा. ती तिथेच, त्या गारठ्यात, सांगत सुटली. पेशीत प्रथिन तयार होतं ते एखाद्या माळेसारखं, एकामागून एक मणी ओवत. पण नुसती माळ काही कामाची नाही. तिची घडी बसायला हवी, अमुक मणी अमुक मण्याशेजारी, केसाएवढा फरक नको. घडी बसली तर ते प्रथिन काम करतं. चुकली तर ते दुसऱ्या चुकलेल्यांना जाऊन चिकटतं आणि सगळ्यांची मिळून गुठळी होते. तिचं प्रथिन भलतंच हट्टी. आठ महिन्यांत आठ वेळा केलं, त्यातलं तीनदा जमलं, आणि त्या तीन वेळचं सगळं मिळून या एका डबीत. म्हणूनच वरच्या मजल्यांवर लोक तिला घडीवाली म्हणायचे आणि जिन्यात भेटली की विचारायचे, काय, बसली का घडी? घरी आईही तेच विचारायची, फक्त वेगळ्या अर्थानं.

ती गेल्यावर थंडोबानं वहीत एकच नोंद दोनदा केली. नऊ वर्षांच्या नोकरीत असं झालं नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी त्यानं तिची डबी उलटसुलट करून पाहिली. आकडे मोत्यासारखे. झाकण घट्ट. नाव, गाव, सगळं जिथल्या तिथे. तो बराच वेळ डबी हातात धरून उभा राहिला, आणि मग… आता काय सांगायचं. शहाणासुरता माणूस, पण बुद्धी फिरली. त्यानं स्टिकर लावला आणि वहीत लिहिलं: शाई फिकट.

ती आली. भांडली. स्टिकर काढून घेतला, आणि वीस मिनिटं थांबली.

मग ही रीतच पडली. कधी शाई फिकट, कधी झाकण किंचित तिरकं, एकदा तर 'डबीचा रंग इतर डब्यांशी जुळत नाही' असंही कारण होतं. ती दर वेळी यायची, कमरेवर हात ठेवून विचारायची, "आज काय निघालं?" आणि तो अपराध्यासारखा कारण वाचून दाखवायचा. भांडण पाच मिनिटांत उरकायचं. उरलेल्या वेळात ती पेशीतल्या भानगडी सांगायची. घडी चुकलेली प्रथिनं मोडली तरी त्यातले मणी वाया जात नाहीत, त्यांच्याच नव्या माळा होतात, हे तिनं सांगितलं तेव्हा त्याला ते इतकं आवडलं की त्यानं घरी आईला सांगितलं. आई म्हणाली, स्वेटर उसवून पुन्हा विणतात तसंच की, त्यात काय मोठं. मग थोड्या वेळानं तिनं विचारलं, "सांगितलं कुणी तुला हे?" तो म्हणाला, ऑफिसातल्या एकांनी. आईनं 'एकांनी'वर मान हलवली आणि पुढे काही विचारलं नाही. आईचा उजवा डोळा मोतीबिंदूनं अधू झाला होता, पण डावा चांगलाच शाबूत होता.

आणि एका शुक्रवारी ती आली नाही.

त्यानं वाट पाहिली. पुढच्या शुक्रवारी दुसरा स्टिकर लावला, निरोप पाठवला. आली नाही. तिसरा लावला. वरून कळलं की ती रोज येते, जेवते, हसते, सगळं करते. फक्त जिना उतरत नाही. त्याला वाटलं, आपलं ढोंग तिला कळलं आणि तिनं आपल्याला कायमचं खड्यासारखं बाजूला केलं. वर जाऊन विचारावं असं दिवसातून दहा वेळा मनात यायचं. पण कोणत्या तोंडानं? वर जायला कारण हवं, आणि त्याच्याकडे होती ती सगळी कारणं तिला खाली बोलवायची.

त्यातच आईच्या डोळ्याची शस्त्रक्रिया ठरली. त्यानं गुरुवार-शुक्रवार रजा घेतली. त्याच्या जागी दोन दिवसांपुरते अण्णा आले. अण्णा म्हणजे त्याच्या आधी तीस वर्षं हेच काम करून निवृत्त झालेले गृहस्थ, नियमाला पक्के. दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्या त्याला आईच्या औषधांच्या वेळा आठवल्या, घरचं दूध आठवलं, पण डबीवरचे तीन स्टिकर काही आठवले नाहीत.

सोमवारी सकाळी त्यानं वही उघडली. अण्णांचं टपोरं अक्षर. "डबीवर तीन स्टिकर आढळले. मालक आले नाहीत. चौथा लावला. नियमानुसार नष्ट केली." खाली सही, सहीखाली रेघ.

त्यानं फ्रीजर उघडून पाहिला, डबीची जागा रिकामी होती. आणि नेमक्या त्याच वेळी दारात ती उभी, हातात बर्फाचं भांडं. यंत्रासाठी नमुना तयार करायला घ्यायचा म्हणून डबी न्यायला आली होती. प्रथिनाची घडी मणी न् मणी दाखवणारं ते मोठं यंत्र दुसऱ्या संस्थेत होतं. आठ महिन्यांपूर्वी तिनं नंबर लावला होता आणि तो दोन आठवड्यांवर येऊन ठेपला होता. हुकला तर पुन्हा वर्षभर वाट बघायची, आणि तिची शिष्यवृत्ती तर चार महिन्यांतच संपत होती.

तिनं वही वाचली. एकदा, मग परत एकदा. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "अण्णांनी…" आणि वही घेऊन जिना चढायला लागली. मोठ्या बाईंकडे.

थंडोबाच्या हातात विचार करायला तेवढा जिना होता. तळघरापासून चौथ्या मजल्यापर्यंत अठ्ठ्याऐंशी पायऱ्या. गप्प बसावं, तर सगळं खापर अण्णांच्या माथी फुटणार. बोलावं, तर नोकरी गेली आणि तीही गेली. तिसऱ्या मजल्यावर तो थांबला, कठड्याला धरून दोन श्वास घेतले, आणि आयुष्यात पहिल्यांदा दोन-दोन पायऱ्या चढत वर गेला.

बाईंच्या खोलीत ती उभी होती. अण्णाही होते. पगाराच्या कागदावर सही करायला आले ते आयतेच सापडलेले. टोपी हातात, मान ताठ. ते एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, की नियम मी केलेला नाही.

"अण्णांची चूक नाही," दारातूनच तो म्हणाला. "आधीचे तिन्ही स्टिकर खोटे होते. डबीत काही खोट नव्हती."

बाईंनी चष्मा काढला. "मग लावले कशाला?"

थंडोबानं जमिनीकडे बघत सांगितलं, "या खाली याव्यात म्हणून."

मग अण्णा सावकाश म्हणाले, "अरे, मग चहाला बोलवायचं."

घडीवाली मात्र हसली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "आठ महिने," ती म्हणाली. "माझे आठ महिने होते रे त्या डबीत. तुला गंमत सुचली?"

या गाढवाची कमाल बघा. जगबुडी आली होती, आणि त्यातही त्याच्या मनाच्या एका कोपऱ्यानं नोंद घेतली की ती आज आपल्याला पहिल्यांदा 'तू' म्हणाली. त्या कोपऱ्याची त्याची त्यालाच इतकी लाज वाटली की कानापर्यंत लाल झाला.

बाईंनी निकाल दिला. नोकरीचं काय करायचं ते नंतर बघू. तोवर तळघर अण्णा सांभाळतील आणि यानं चौथ्या मजल्यावर हिच्या हाताखाली राबायचं, प्रथिन पुन्हा तयार होईपर्यंत. दोन आठवड्यांत झालं तर झालं.

तो राबला. बाटल्या धुतल्या, पाणी मोजलं, जड भांडी उचलली. ती पुन्हा 'तुम्ही'वर गेली होती. 'ते इकडे द्या', 'हे धुवून ठेवा', बस्स. शिव्या परवडल्या असत्या, पण त्या 'तुम्ही'नं त्याचा जीव अर्धा व्हायचा. घरी आई डोळ्यावर पट्टी बांधून बसलेली. तिनं एका डोळ्यानं त्याचा चेहरा बघितला आणि ताटात जास्तीचं वाढलं.

दहाव्या दिवशी खरी परीक्षा आली. भांड्यात वाढवलेल्या जिवाणूंनी प्रथिन भरपूर बनवलं होतं, पण घाईघाईनं, त्यामुळे सगळ्याची गुठळी. ती गुठळी औषधात विरघळवून प्रत्येक माळ सरळ मोकळी केली होती. आता त्या माळांची घडी नव्यानं बसवायची होती. गार खोलीत, ढवळत्या पाण्यात, थेंब थेंब सोडत. भरभर सोडलं तर माळा एकमेकींना चिकटणार, पाणी दुधाळ होणार, संपलं. सावकाश सोडलं आणि पाणी नितळ राहिलं, तर घडी बसली. एकूण चारशे थेंब. दर दहा सेकंदांनी एक. दुसऱ्यांदा करायला माल नव्हता आणि दिवसही नव्हते.

पंप तिनं आधीच बाजूला ठेवला होता, तो मध्येच उसळी मारायचा. ती स्वतः थेंब सोडायला बसली, आणि तिचा हात थरथरायला लागला. पाच वेळा फसलं होतं ते याच हातानं, तिला ठाऊक होतं. ती उठली आणि काचेची नळी त्याच्यापुढे धरली.

"तुम्ही सोडा," ती म्हणाली. "तुमच्याएवढा सावकाश माणूस मी पाहिला नाही."

हे कौतुक होतं की टोमणा, ते त्याला कळलं नाही. तो बसला. ती समोरच्या स्टुलावर, मफलर नाकावरून थेट चष्म्यापर्यंत ओढलेला. वर बघायचं नाही, तिनं बजावलं. नजर पाण्यावर. तो मोजू लागला.

शंभर झाले. पाणी नितळ. दोनशे झाले. ती पाय आपटत होती, थंडीनं की काळजीनं कोण जाणे. दोनशे साठाच्या सुमारास तिचा आवाज आला, मफलरमधून दबलेला.

"मला तिन्ही निरोप मिळाले होते."

थेंब. दोनशे एकसष्ट.

"वाचलेही होते."

दोनशे बासष्ट. "मग आला का नाहीत?" त्यानं पाण्याला विचारलं.

"रंग जुळत नाही म्हणून स्टिकर लावतात होय कुणी? पहिल्या दोन वेळांतच कळलं होतं मला सगळं. तरी येत होते ना मी? अठ्ठ्याऐंशी पायऱ्या, दर आठवड्याला. मग एक दिवस वाटलं… मीच का उतरायचं दर वेळी? एकदा कुणी वर चढून येतंय का, बघू तरी. म्हणून हटून बसले."

दोनशे सहासष्ट. सदुसष्ट.

"मी तीन आठवडे दाराकडे बघत बसले होते," ती म्हणाली. "तुझ्या हातून माझी डबी जाणार नाही याची खात्री होती मला. अण्णा माझ्या हिशोबात नव्हते." मग आवाज आणखी खाली गेला. "अपराध तुझा एकट्याचा नाही. अर्धा माझा आहे. आणि दहा दिवस मी तुला राबवून घेतलं, तुझ्याशी नीट बोलले नाही, कारण माझं मलाच तोंड दाखवायची लाज वाटत होती. आज सकाळी मोठ्या बाईंना सांगून आले सगळं."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, दोन शिकलेली माणसं आणि मध्ये एक जिना. जा, काम करा."

त्याला वर बघायचं होतं. आयुष्यात कुठलीच गोष्ट इतकी हवीशी वाटली नव्हती. पण नळीच्या टोकाशी थेंब भरत होता.

"मला तू आवडतोस," ती म्हणाली. एका दमात, पायरी चुकल्यासारखी. "आता ऐकलंस ना. बोल काहीतरी."

"थांब," तो म्हणाला.

"थांब?"

थेंब फुगला, लोंबला, सुटला. पाण्यात गेला आणि दिसेनासा झाला. दोनशे नव्वद.

"मलाही तू आवडतेस," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून. तुझ्या त्या एकाला शेपूट होतं तेव्हापासून. मी रोज वर यायचं ठरवायचो आणि रोज तळघरातच राहायचो. भीती वाटायची. तू हसतेस ना, ते थांबेल अशी." एवढं लांबलचक तो एका बैठकीत कधी बोलला नव्हता. "तुझी डबी माझ्यामुळे गेली. हे पाणी आज दुधाळ झालं तर मी काय करू मला माहीत नाही."

"पाण्याकडे बघ," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात रडू आणि हसू एकदमच होतं. "अजून एकशे दहा आहेत."

दहा सेकंद फार मोठे असतात. त्यात माणूस एखादी गोष्ट बोलून परत ती मनात घोळवू शकतो. एकशे दहा थेंबांत दोघं मिळून फारसं काही बोलले नाहीत. तिनं एकदा विचारलं, आईचा डोळा कसा आहे. त्यानं सांगितलं, पट्टी निघाली, काळा चष्मा उद्या निघणार. मग ती म्हणाली की चष्मा निघाला की घेऊन जा मला, आणि त्यानं त्याच्या त्या वेगानं, दोन थेंबांनंतर, बरं म्हटलं. तीनशे पन्नासला त्याची बोटं बधिर झाली, तिनं आपला हातमोजा काढून त्याच्या मोकळ्या हातात चढवला. नळी धरलेला हात हलला नाही.

तीनशे अठ्ठ्याण्णव. नव्व्याण्णव. शेवटचा थेंब नळीच्या टोकाशी जरा जास्तच रेंगाळला, आणि पडला.

पाणी गरगर फिरत राहिलं. दोघंही वाकून बघत होते. एक मिनिट, दोन मिनिटं, पाच मिनिटं. भांड्यामागच्या भिंतीवरची बारीक भेग पाण्यातून आरपार दिसत होती. त्यानं ढवळणं बंद केलं. तरी दिसत होती.

"बसली," तो म्हणाला. "घडी बसली."

त्यानं आज पहिल्यांदा मान वर केली. ती तिथेच होती, नाक लालबुंद, मफलरमधल्या वाफेनं आणि डोळ्यांतल्या पाण्यानं चष्म्याच्या काचा पार पांढऱ्या झालेल्या. एक हात पुढे करून ती टेबल चाचपत होती.

"मला काहीच दिसत नाहीये," ती म्हणाली. "पाणी नितळ आहे ना नक्की?"

"नितळ आहे."

"आणि तू? तू आहेस ना समोर?"

टेबलाला वळसा घालायला थंडोबाला एरवी पाच मिनिटं लागली असती. त्या दिवशी लागली नाहीत. तिचा चाचपणारा हात त्यानं आपल्या गारठलेल्या हातात घेतला.

"आहे," तो म्हणाला.